शालनताईंचा रविवार

शालनताईंना झोपलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते धायरीच्या शेवटच्या थांब्यावर, उभ्या बसमध्ये. चौथ्या खिडकीशी बसल्या होत्या. तोंड जरासं उघडं. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. रविवार होता, सकाळचे साडेअकरा. त्या वेळी त्या पाली भाषेच्या वर्गात असायला हव्या होत्या.

मी मावसबहिणीचं नवं घर बघायला तिकडे गेले होते. परतीची बस लागलेली दिसली म्हणून चढले. वाटलं, यांना बरं नाही. मी खांद्याला हात लावून हलवलं.

"ताई, ही धायरी आहे."

"माहितेय गं," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. मग आवाज ओळखीचा वाटला असावा. त्या ताठ बसल्या, पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी काय विचारणार आहे ते त्यांना कळलं होतं.

"बस इथं," त्या म्हणाल्या. "आणि घरी कुणाला फोन करू नकोस."

शालन ओव्हाळ. वय सत्तावन्न. विश्रांतवाडीला आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. वयानं माझ्या काकू, पण ताई म्हणायला त्यांनीच लावलं. "ऑफिसात मॅडम, घरात आई. एखादीनं तरी ताई म्हणावं," असं म्हणाल्या होत्या. मी दहा वर्षांची असल्यापासून माझी आई एकच वाक्य म्हणत आली आहे. खालच्या शालनकडे बघ.

बघण्यासारखं होतंच. दहावी पास होऊन दौंडकडच्या एका गावातून त्या लग्न करून आल्या. बारावी इथं झाली. बी.ए. इथं झालं. मराठी टायपिंग, इंग्रजी टायपिंग, मग कॉम्प्युटर. नोकरी लागल्यावर खात्याच्या परीक्षा. नवरा अकरा वर्षांपूर्वी गेला. त्या वर्षी त्यांनी प्रथमोपचाराचा कोर्स केला. कुणी म्हटलं नाही की कर. कुणी म्हटलं नाही की राहू दे. नंतर योगशिक्षक, नंतर माहिती अधिकाराचं प्रशिक्षण, नंतर जर्मनची पहिली पायरी. जर्मन का, असं मी एकदा विचारलं. "वर्ग घराजवळ होता," त्या म्हणाल्या.

सगळी प्रमाणपत्रं लॅमिनेट केलेली. ती त्यांनी नाही केली. आबांनी केली.

आबा म्हणजे त्यांचे सासरे, बाबुराव ओव्हाळ. वय त्र्याऐंशी. छप्पन्न साली घरानं दीक्षा घेतली तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. दोनच वर्षांत शाळा सुटली आणि ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले. मॅट्रिक झाले एकतिसाव्या वर्षी, रात्रशाळेतून. त्या वर्षापासून घरात एक पद्धत आहे. संध्याकाळची जेवणं झाली की आबा वही उघडतात, पेन्सिलीला टोक आहे का ते अंगठ्यानं बघतात आणि विचारतात, "आजचं काय?"

ज्यानं त्यानं आज नवं काय कळलं ते सांगायचं. एक गोष्ट पुरे. आबा ती लिहून घेतात. तारीख, नाव, गोष्ट. कपाटात या वह्या रांगेनं लावलेल्या आहेत. पाहुणाही सुटत नाही. मी त्यांच्याकडे जेवायला जायच्या आधी जिन्यात थांबून फोनवर काहीतरी शोधून ठेवायचे. एकदा काहीच मिळालं नाही म्हणून म्हटलं, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. आबांनी लिहिलं आणि म्हणाले, "तुला एक आहे, त्याचं काय चाललंय ते सांग पुढच्या वेळी." मी एम.ए. होऊन दोन वर्षं घरात होते, कंपन्यांच्या वेबसाइटसाठी मजकूर लिहीत होते आणि प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या नेटच्या परीक्षेला बसत होते. दोनदा नापास झाले होते. आबांना ते माहीत होतं.

आबा कठोर नव्हते. हे आधीच सांगायला हवं. शालनताईंनी बी.ए.चे पेपर दिले तेव्हा त्यांचा मुलगा प्रज्ञेश चार महिन्यांचा होता. परीक्षा केंद्राबाहेर आबा त्याला मांडीवर घेऊन बसायचे. प्रत्येक पेपरला तीन तास. मध्ये एकदा शिपाई चिठ्ठी घेऊन आत यायचा, बाळ रडतंय. शालनताई बाहेर येऊन त्याला पाजायच्या आणि परत जायच्या. तेवढा वेळ आबा रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे. हे मला शालनताईंनी सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही. त्या म्हणाल्या, "त्या माणसाला मी काय सांगणार, की मला आता काही शिकायचं नाही?"

हे त्यांनी सांगितलं त्या दिवशी धायरीला, बसमध्ये.

चार वर्षांपूर्वी त्यांनी पालीच्या एम.ए.ला नाव घातलं. वर्ग शहरात, रविवारी दहा ते चार. तीन रविवार गेल्या. चौथ्या रविवारी बसमध्ये डोळा लागला, थांबा मागे गेला आणि कंडक्टरनं धायरीला उठवलं. उतरून त्यांनी चहा घेतला. परतीची बस अर्ध्या तासानं होती. त्या बाकावर बसून राहिल्या.

"अर्धा तास," त्या म्हणाल्या. "कुणी काही विचारलं नाही. मलाही काही सुचलं नाही. मी नुसती समोरचं दुकान बघत होते. एक माणूस पत्र्याला रंग देत होता. अर्ध्या तासात त्यानं एवढासा रंगवला. मला इतकं बरं वाटलं ना अवनी, की मला भीतीच वाटली."

पुढच्या रविवारी त्या जागेपणी धायरीला गेल्या. त्याच्या पुढच्या रविवारी मांजरीला. दिवसाचा पास काढायचा, खिडकी बघायची, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं. तिथं चहा. मग परत किंवा दुसरी बस. चार वर्षं.

"आणि परीक्षा?"

"फॉर्मच भरला नाही."

"घरी काय सांगता?"

"घरी कोण विचारतंय? रविवारी मी वर्गाला जाते. एवढ्यावर सगळ्यांचं भागतं. वहीला पेपरातलं काहीतरी देते, आणि नोकरी सांभाळून एम.ए.ला वेळ लागतोच. आमच्या घरात मी सिनेमाला निघाले तर चार प्रश्न येतील. अभ्यासाला निघाले तर डबा भरून मिळतो."

मला काय वाटत होतं ते मलाच कळेना. दहा वर्षांची असल्यापासून जिच्याकडे बघ म्हणून सांगितलं होतं, ती बाई चार वर्षं काहीही करत नव्हती.

पुढच्या रविवारी मी विचारलं, येऊ का.

"ये. पण बोलायचं नाही."

मी जायला लागले. पहिल्या दिवशी कानात हेडफोन होते, नेटच्या पेपरवरचं व्याख्यान लावलं होतं. शालनताईंनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"ते काढ."

"ऐकता ऐकता बघतेय की."

"मग घरी जा. घरी पण ऐकता येतं."

मी काढले. येरवड्यापर्यंत मला घाम फुटला. हात कुठं ठेवायचे ते समजेना. पुढच्या सीटच्या पाठीवर कुणीतरी खरडलेलं सगळं मी तीनदा वाचलं. आपण आता काय करायला हवं होतं याची एक यादी डोक्यात चालू झाली आणि ती थांबेना. शालनताई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचा चेहरा आनंदी वगैरे नव्हता. धुऊन वाळत घातलेल्या कपड्यासारखा होता. तो आता कुणी घालणार नाही, निदान संध्याकाळपर्यंत.

मांजरी त्यांची आवडती. साखरेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या पुढं ऊस लागतो. रस्त्याच्या एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला बारा बारा मजल्यांच्या इमारती. अकराव्या मजल्यावर एक बाई दर रविवारी चादरी वाळत घालायची. शालनताईंनी तिला नाव ठेवलं नाही, तिची गोष्ट रचली नाही. मी रचायला लागले होते तर म्हणाल्या, "असू दे ना तिला. चादरी घालतेय."

हे नोव्हेंबरपासून चाललं. जुलैत मी ते मोडलं.

झालं असं. पावसाळ्यातला वर्षावास सुरू झाला की आमच्या भागातल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, आणि एका रविवारी गुणवंतांचा सत्कार. दहावी, बारावी, पदवी, जो पास झाला तो. यादी आबा करतात. तीस वर्षं करतायत. नियम एकच, गुणपत्रिकेची झेरॉक्स आणा. एका नगरसेवकाच्या पुतण्याचं नाव झेरॉक्स नाही म्हणून आबांनी गाळलं होतं. नगरसेवक स्वतः आला. आबांनी त्याला चहा दिला आणि झेरॉक्सचं दुकान कुठं आहे ते सांगितलं.

सत्काराच्या आधीच्या गुरुवारी आबा मला जिन्यात भेटले. मी घाईत होते. एक मजकूर बारापर्यंत द्यायचा होता.

"अवनी, पालीचा निकाल लागला म्हणे?"

"हो, आबा." मला काहीच माहीत नव्हतं.

"शालन काही बोलली नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. हातात पिशवी, खिशात पेन्सिल. ते एक पायरी खाली उभे होते, त्यामुळे मान वर करून बघत होते.

"झाल्या पास," मी म्हटलं.

दोन शब्द. मला वाटलं, मी त्यांना वाचवतेय.

आबा हसले नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली, दोनदा. मग म्हणाले, "सांगायची नाही. तिला सवयच नाही स्वतःचं सांगायची." आणि खाली गेले.

मी शालनताईंना हे लगेच सांगायला हवं होतं. शुक्रवारी सांगू म्हटलं. शुक्रवारी वाटलं, आबा विसरतील.

शनिवारी संध्याकाळी मला जेवायला बोलावणं आलं. मी खाली गेले तर दारातच पत्रिकांचे गठ्ठे. आबा आणि प्रज्ञेश नुकतेच छापखान्यातून आले होते. तीनशे पत्रिका. पिवळा कागद, निळी शाई. अकरा मुलांची नावं होती. बारावं नाव जरा मोठ्या अक्षरात, एकटं, ओळ सोडून.

श्रीमती शालन ओव्हाळ, एम.ए. (पाली). विशेष सत्कार, श्री. बाबुराव ओव्हाळ यांच्या हस्ते.

शालनताई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. प्रज्ञेशनं त्यांच्या हातात पत्रिका दिली. "आई, सरप्राइज! तू सांगितलंच नाहीस. आबा तर तीन दिवस नुसते उडतायत."

शालनताईंनी वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. त्यांना कळलं.

"झेरॉक्स?" त्यांनी आबांना विचारलं. आवाज साधा होता.

"तुझी झेरॉक्स कशाला?" आबा म्हणाले.

आम्ही जेवलो. मटकीची उसळ होती, भाकरी होती, आबांनी आणलेली जिलबी होती. प्रज्ञेश त्याच्या खराडीच्या ऑफिसातलं काहीतरी सांगत होता. मी जिलबी घेतली आणि ताटातच ठेवली.

ताटं उचलली. आबांनी वही उघडली. पेन्सिलीचं टोक पाहिलं.

"प्रज्ञेश, आजचं काय?"

"आबा, शनिवार आहे."

"शनिवारी डोकं खुंटीला टांगून ठेवायचं असतं का?"

"सर्टिफिकेशनचे दोन मॉड्यूल संपवले. दुप्पट स्पीडनं."

"दुप्पट म्हणजे?"

"म्हणजे तो माणूस बोलतो त्याच्या डबल फास्ट ऐकायचं. वेळ वाचतो."

"वाचलेल्या वेळात काय करतोस?"

"पुढचा व्हिडिओ लावतो."

आबांनी लिहिलं. काय लिहिलं कोण जाणे. "शालन?"

शालनताई उभ्याच होत्या, ओट्याला पाठ लावून.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

पेन्सिल थांबली. "म्हणजे?"

"आज काही नवं कळलं नाही. आणि आबा, मी एम.ए. नाही. परीक्षेला बसलेच नाही. एकदाही."

आबांनी पेन्सिल वहीवर आडवी ठेवली.

"चार वर्षं रविवारी जातेस," आबा म्हणाले.

"बसनं फिरते. शेवटच्या थांब्यापर्यंत जाते आणि येते."

"कशाला?"

"कशाला नाही."

प्रज्ञेश उठला. "आई, एक मिनिट. तू ओके आहेस ना? म्हणजे काही डिप्रेशन वगैरे... आमच्या कंपनीत काउन्सेलर आहे, फॅमिलीला पण फ्री आहे—"

"मला काही झालेलं नाही रे. दमलेय."

"मग घरी आराम कर ना. कोण नको म्हणतंय?"

शालनताई त्याच्याकडे बघत नव्हत्या. आबांकडे बघत होत्या. "घरात बसलं की दहा मिनिटांत कुणीतरी विचारतं, बरं नाही का. बरं असताना बसायचं कसं, ते या घरात कुणाला येत नाही. मलाही येत नव्हतं."

"आबा, पास झाल्या असं मी सांगितलं," मी म्हटलं. "त्या तसं म्हणाल्याच नाहीत. मी म्हणाले."

"तू म्हणालीस," आबा म्हणाले. "झेरॉक्स मी मागितली नाही."

त्यांनी वही मिटली. त्या दिवशी शालनताईंच्या नावापुढं काही लिहिलं नाही. उठताना ते म्हणाले, "रिकामं बसायला आपण कोण लागून गेलो होतो कधी?" हे त्यांनी कुणाला विचारलं ते कळलं नाही.

जिन्यात त्या मला सोडायला आल्या. मी माफी मागायला लागले. त्यांनी थांबवलं.

"तू नसतीस बोललीस तर अजून चार वर्षं गेली असती. छान गेली असती," त्या म्हणाल्या. आणि दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी दहाला मी विहारात गेले. आबा सभागृहात सतरंजीवर बसले होते. पांढरा सदरा, पांढरा लेंगा. समोर पत्रिकांचे गठ्ठे. हातात स्टीलची पट्टी आणि पेन्सिल. एक पत्रिका घ्यायची, पट्टी लावायची, शेवटच्या नावावर रेघ ओढायची, उजवीकडे ठेवायची. पुढची. त्यांच्यासमोर शालनताई. त्याही पांढऱ्या साडीत. त्यांच्या पुढ्यात अर्धा गठ्ठा, दुसरी पट्टी. त्याही तेच करत होत्या. स्वतःचं नाव खोडत होत्या.

समितीचा सेक्रेटरी विक्रम डोकं धरून उभा होता. "आबा, अहो राहू द्या ना. काय घाई आहे? ताई पुढच्या वर्षी होतीलच की पास. आज सत्कार करून टाकू. कोण बघतंय?"

"मी बघतोय."

"नाहीतर माइकवर सांगू, नजरचुकीनं नाव पडलं."

"नजरचूक नव्हती. मी बघितलंच नव्हतं." आबांनी पुढची पत्रिका घेतली. "तुला काम नसेल तर खुर्च्या मांड."

विक्रम खुर्च्या मांडायला गेला. मी खाली बसले. मला पट्टी कुणी दिली नाही. मी रेघ ओढलेल्या पत्रिका सारख्या करत बसले.

पाऊणएकशे झाल्या असतील. निळ्या शाईवर पेन्सिलीची रेघ धड दिसत नव्हती. नाव वाचता येत होतं.

"आबा, पेननं ओढायची का?" मी विचारलं. "हे दिसतंय अजून."

"पेन्सिल बरी," आबा म्हणाले. वर पाहिलं नाही. "पुढच्या वर्षी पास झाली की खोडरबर फिरवता येईल."

हे शालनताईंसाठी होतं. आदल्या दिवसापासून आबा त्यांच्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. टोमणा होता, पण त्यात दारही होतं. चार वर्षं विसरून जाऊ, एक वर्ष अभ्यास कर, वह्या जिथं थांबल्या तिथून पुढं चालू करू. शालनताईंनी नुसतं बरं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मला वाटलं, म्हणतील. आयुष्यभर म्हणत आल्या होत्या.

त्यांनी पट्टी खाली ठेवली.

"मी परीक्षेला बसणार नाही, आबा. पुढच्या वर्षी नाही. नंतरही नाही. तुम्ही शिकवलंत म्हणून मी आज माझ्या पायावर उभी आहे. ते मी विसरलेली नाही. पण माझं शिकून झालंय. मला रविवार पाहिजे."

बाहेर कुणीतरी लाउडस्पीकर लावून बघत होतं. हॅलो, हॅलो, वन टू थ्री. आबा तेवढा वेळ थांबले. त्यांचा हात पत्रिकेवर होता. हाताची कातडी इतकी पातळ होती की खालची निळी अक्षरं आणि वरच्या निळ्या शिरा एकच वाटत होत्या. मला भीती वाटली, ते रडतील. आबा रडले नाहीत. त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, पेन काढला, टोपण काढून पेनाच्या मागं लावलं आणि शालनताईंच्या पुढ्यात ठेवला.

"मग पेन घे," ते म्हणाले.

शालनताईंनी घेतला. आबांनी विक्रमकडून दुसरा मागितला. झालेल्या पत्रिकाही परत काढल्या आणि पेन्सिलीच्या रेघेवर पेनाची रेघ ओढली. तीनशे संपायला दोन वाजले.

संध्याकाळी कार्यक्रम झाला. अकरा मुलांना वह्या, पुस्तकं, पुष्पगुच्छ. आबांनी प्रत्येकाचं नाव स्वतः वाचलं. शालनताई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. शेजारची बाई पत्रिका बघून म्हणाली, "अगं, तुझं नाव का खोडलंय?"

"पास नाही झाले."

"असू दे गं. पुढच्या वर्षी."

"नाही," शालनताई म्हणाल्या, आणि टाळ्या वाजवायला लागल्या, कारण एका मुलीला बारावीत ब्याण्णव टक्के पडले होते.

त्यानंतर तीन आठवडे आबांनी त्यांना विचारलं नाही. हे मला प्रज्ञेशनं सांगितलं. प्रज्ञेशला विचारायचे, लिहायचे, वही मिटायचे. शालनताई तिथंच असायच्या. ऑफिसातून आलेल्या, पोळ्या केलेल्या, भांडी आवरलेल्या. रविवारी त्या सांगून जायच्या. "मी फिरायला जातेय. चारपर्यंत येते." आबा पेपर खाली करायचे नाहीत. डबा आता त्या स्वतःच भरून घ्यायच्या.

प्रज्ञेश वैतागला होता. "दोघं भांडत पण नाहीत ना यार. भांडले असते तर मी मध्ये तरी पडलो असतो."

चौथ्या रविवारी जेवणं झाली. आबांनी वही उघडली. प्रज्ञेशचं लिहून झालं. वही मिटायच्या ऐवजी ते थांबले. टोक पाहिलं. टोक चांगलं होतं, तरी पुन्हा पाहिलं.

"शालन, आजचं काय?"

"काही नाही, आबा."

त्यांनी लिहिलं. प्रज्ञेशनं नंतर वही काढून मला दाखवली. तारीख, मग शालन, मग काही नाही. इतर नोंदींसारख्याच अक्षरात. मागच्या पानांवर ऑक्टोपससकट मीही होते. मी पानं उलटली. आता दर रविवारी तेच आहे. काही नाही, काही नाही. आबांनी एकदाही वरच्यासारखंच असं लिहून भागवलेलं नाही. दर वेळी पूर्ण लिहितात.

त्यांनी मान्य केलं की नाही ते मला माहीत नाही. शालनताईंनाही माहीत नाही. त्या विचारणार नाहीत आणि ते सांगणार नाहीत.

मागच्या रविवारी आम्ही मांजरीला गेलो. हडपसरला गर्दी होती, पुढं बस रिकामी झाली. माझ्या पिशवीत नेटचं पुस्तक होतं. डिसेंबरमध्ये परत परीक्षा आहे. मी ते काढलं नाही, पण ते पिशवीत आहे हे मला सारखं कळत होतं. शालनताई खिडकीशी. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होतील. ऑफिसातले आत्तापासून विचारतायत, नंतर काय करणार. एकीनं त्यांना निवृत्तीनंतरच्या वेळेचं नियोजन शिकवणाऱ्या शिबिराचा फॉर्म आणून दिला. तो त्यांच्या पर्समध्ये आहे. त्यांनी भरला नाही आणि फाडलाही नाही.

"पहिल्यासारखी झोप लागत नाही गं," त्या म्हणाल्या. बोलायचं नाही हा नियम त्यांचाच, पण हल्ली त्याच मोडतात. "चोरून यायचे तेव्हा बसल्या बसल्या डोळा लागायचा. आता सांगून येते. मग मनात येतं, आबा एकटेच पेपर घेऊन बसलेत. चारला पोचायचंय. असं काय काय."

"मग थोडे दिवस बंद करायचं का?"

"नको." त्यांनी बाहेर पाहिलं. "येईल परत झोप. नाही आली तर नाही."

अकराव्या मजल्यावरच्या बाईनं चादरी घातल्या नव्हत्या. गॅलरी रिकामी होती. ऊस तुटून गेला होता आणि नुसतं रान दिसत होतं. बस शेवटच्या थांब्याला लागली. चार माणसं होती ती उतरली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि तो आणि कंडक्टर चहाला गेले.

"उतरायचं का?" मी विचारलं.

"किती वेळ आहे सुटायला?"

"वीस मिनिटं."

शालनताईंनी पर्स मांडीवर घेतली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि डोकं खिडकीच्या गजाला टेकवलं. मी शेजारी बसून राहिले.